ताडीचा प्रहर

दिवाळी अंकात फराळाविषयी लिहावे, पेयाविषयी लिहू नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. त्यातून लिहिणारा शाळामास्तर असला तर विचारायलाच नको. परंतु माणसाने काय खाल्ले याचा इतिहास जितका सांगण्यासारखा, तितकाच त्याने काय प्याले आणि ते किती गार असताना प्याले याचाही आहे, असे मला वाटते. कारण या गारव्याच्या पाठीमागे हवा आहे, झाड आहे, सरकार आहे आणि सरकारचा कर आहे.

शहरातले बिअरचे शौकीन अलीकडे एका प्रश्नावर मोठ्या हिरिरीने बोलतात: कोणती बिअर किती अंशांवर द्यावी? एकाच्या मते चार अंश, दुसऱ्याच्या मते बारा. गंजाडला हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथला प्रश्न एवढाच असतो की ताडी केव्हा उतरवलेली आहे. हे दोन प्रश्न वरवर पाहता निराळे वाटतात, पण मुळात ते एकच आहेत. ते एक कसे, आणि पुढे त्यांची फारकत कशी झाली, हे सांगावे म्हणून हा लेख.

गंजाड हे डहाणू तालुक्यातले गाव. डहाणूरोड स्टेशनवर उतरून चिकूच्या वाड्या मागे टाकीत पूर्वेला निघाले, की सपाटी संपून टेकड्यांचा मुलूख सुरू होतो. त्या वाटेवर हे गाव लागते. वारली वस्तीचा हा भाग २०१४ सालच्या १ ऑगस्टपर्यंत ठाणे जिल्ह्यात होता; आता पालघर जिल्ह्यात आहे. गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर जिव्या सोमा मशे राहत असत. लग्नाच्या चौकापुरती आणि बायकांच्या हातापुरती असलेली वारली चित्रकला १९७० नंतरच्या वर्षांत कागदावर आणि कापडावर आली, भास्कर कुलकर्णी यांच्या खटपटीने ती मुंबई-दिल्लीला पोचली आणि मश्यांच्या हातून जगभर गेली. मश्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले. वारली चित्रांत एक आकृती पुन्हा पुन्हा भेटते. उंच, सरळ ताडाचे झाड, आणि त्याला बिलगून वर चढणारा काड्यांसारख्या हातापायांचा माणूस. भिंतीवर टांगण्यासाठी हे चित्र नेणाऱ्याला त्यात शोभा दिसते. पण तो माणूस शोभेसाठी चढलेला नाही. त्याच्या चढण्याची वेळ ठरलेली आहे.

ही वेळ समजायची तर रस कसा निघतो ते थोडक्यात पाहिले पाहिजे. पावसाळा सरला की ताडाच्या नव्या फुलोऱ्यावर काम सुरू होते. ताडात नर आणि मादी अशी निराळी झाडे असतात. उन्हाळ्यात आपण ज्या झाडाचे ताडगोळे खातो ते मादी. रस दोन्हींचा निघतो. फुलोऱ्याची काडी हलक्या हाताने चेपून, बांधून, तिचे टोक धारदार कोयतीने पातळ तासायचे आणि खाली मडके अडकवायचे. ही चकती रोज तासावी लागते. एक दिवस चुकला की जखम धरते आणि रस आटतो. शिंदीची तऱ्हा वेगळी. तिच्या बुंध्यालाच शेंड्याजवळ छेद देतात आणि थंडीच्या रात्री तो पाझरतो. दोन्ही झाडांचे मडके सांजेला लावायचे आणि उजाडण्याच्या सुमारास उतरवायचे. चढायला खोडावर खाचा असतात किंवा झाडाला बांधलेला बांबू असतो. चाळीस-पन्नास फुटांवर, दवाने निसरड्या झालेल्या झाडावर, कमरेला कोयती आणि भरलेले मडके घेऊन उतरणे हे कसब आहे. त्यात मेलेल्या आणि जायबंदी झालेल्या माणसांची नोंद कुठल्याही अबकारी अहवालाने अगत्याने ठेवलेली माझ्या पाहण्यात नाही. उत्पन्नाची मात्र ठेवली आहे.

तर पहाटेचे मडके खाली येते. थंडीच्या दिवसांत त्या भागातला पहाटेचा उष्मा पंधरा ते अठरा अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. मडके मातीचे, त्याच्या अंगातून पाणी पाझरून उडत राहते, आणि वर झाडाच्या शेंड्याला वारा. त्यामुळे रस हवेहूनही किंचित गार असतो. या वेळी तो गोड असतो. त्यात शेकडा दहा ते चौदा भाग साखर असते आणि नशा म्हणावी इतकी नसतेच. हीच ती ताजी नीरा, किंवा नीरा आणि ताडी यांच्या उंबरठ्यावरचे पेय. ऊन वर आले की त्याला फेस धरू लागतो आणि जिभेला चुणचुण लागते. जाणते लोक म्हणतात ती खरी चव याच वेळची: गोडी पुरती गेलेली नाही आणि आंबटपणा पुरता आलेला नाही. दुपारी ती आंबट आणि जड होते, संध्याकाळी कडक. दुसऱ्या दिवशी तिचा शिरका होऊ लागतो आणि मग ती लोणच्याच्या कामाची. सकाळ ते सांज एवढ्या अवधीत एकाच मडक्यात चार पेये होऊन जातात. विलायतेत ज्यांना बिअरचे प्रकार म्हणतात ते निरनिराळ्या पिंपांत असतात. इथे ते निरनिराळ्या प्रहरांत आहेत.

असे का व्हावे? हवेतले आणि मडक्याच्या जुन्या अंगातले यीस्ट रसात उतरते. रोज तेच मडके वापरल्याने ते कामाला उशीर लावत नाही. त्याच्या जोडीला झायमोमोनास नावाचा जिवाणू आणि लॅक्टिक आम्ल करणारी मंडळी असतात. यीस्ट साखर खाते, मद्यार्क आणि कर्बवायू सोडते. उरलेले जिवाणू आंबटपणा आणतात. हे सारे प्राणी उष्म्याचे ताबेदार आहेत. पंधरा अंशांवर ते रेंगाळतात, तीस अंशांवर धावतात. म्हणजे सूर्य जसजसा वर चढतो तसतसे काम वाढते. गंजाडचा माणूस घड्याळाचे नाव घेत असला तरी तो सांगतो ते एका परीने उष्णतामापकाचेच. ताडीतला मद्यार्क शेकडा चार ते सहापर्यंत जातो, म्हणजे साधारण बिअरइतकाच. दोघींचे कूळ एकच. एक धान्याची, एक झाडाची. फरक एवढा, की बिअर करणारा माणूस आंबवण कधी थांबवावी ते ठरवू शकतो. ताडी उतरवणारा ते ठरवू शकत नाही. तो फक्त लवकर पिऊ शकतो.

बिअरवाल्यांनाही हे स्वातंत्र्य आरंभापासून नव्हते. त्यांच्याकडेही एके काळी ऋतूचीच सत्ता चाले. बव्हेरियात १५५३ साली ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने हुकूम काढला, की बिअर गाळायची ती २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळातच. उन्हाळ्यात गाळलेली बिअर नासते हे तिथल्या लोकांना ठाऊक होते. नासते का, हे नव्हते. मग थंडीत केलेली बिअर उन्हाळ्यापर्यंत टिकावी म्हणून त्यांनी टेकड्यांत तळघरे खोदली, त्यांत नदी-तळ्यांवरचे बर्फ भरले आणि वरच्या जमिनीवर सावलीसाठी चेस्टनटची झाडे लावली. त्या झाडांखाली बाके टाकून लोक तळघरातली बिअर तिथेच पिऊ लागले. म्युनिकच्या ज्या बिअरबागा आज प्रवासी पाहायला जातात त्यांचा जन्म असा उष्म्याच्या भीतीतून झाला. सावकाश, गारव्यात मुरणारी ही बिअर म्हणजे लागर. त्या शब्दाचा अर्थच मुळी साठवण. १८४२ साली बोहेमियातल्या पिल्सन गावी योसेफ ग्रोल याने तिचा फिकट सोनेरी अवतार काढला आणि आज जगात सर्वांत जास्त खपणारी बिअर तिच्याच वंशातली आहे.

इंग्लंडात गोष्ट वेगळी. तिथली एल ही तळघराच्या उष्म्यावर, म्हणजे अकरा ते तेरा अंशांवर पिण्याची. आपल्याकडचा पाहुणा तिला "कोमट बिअर" म्हणून नाक मुरडतो. ती कोमट नसते. ती त्या देशाच्या जमिनीइतकी गार असते. इंग्लंडच्या बिअर करणाऱ्यांनीच उष्णतामापकाला व्यवहारात आणले हेही इथे सांगितले पाहिजे. मायकेल कोंब्रून याने १७५८ च्या आपल्या पुस्तकात त्या यंत्राचा पुरस्कार केला तेव्हा जुने लोक अजून पाण्यात हात घालून किंवा वाफेत तोंड दिसते का ते पाहून अंदाज करीत. वर्गात आम्ही मुलांना ज्या जूलचे नाव सांगतो, ज्याने घर्षणातून किती उष्णता निघते ते मोजले, तो सालफर्डच्या एका बिअरवाल्याचा मुलगा. अंशाच्या लहानशा भागापर्यंत उष्णता मोजण्याची त्याची सवय घरच्या धंद्यात मुरलेली होती असे मानायला हरकत नाही.

आता तो शौकिनांचा हिशेब सांगून टाकतो, म्हणजे पुढे जाता येईल. हलकी लागर चार ते सात अंशांवर, पिल्सनर सहा ते आठवर, गव्हाची बिअर सात ते दहावर, इंग्लिश एल अकरा ते तेरावर, काळी स्टाउट दहा ते तेरावर आणि बार्लीवाइन नावाची जी जुनी कडक बिअर आहे ती तेरा ते सोळावर. यामागे दोन कारणे आहेत. द्रव जितका गार तितका त्यात कर्बवायू अधिक राहतो. शून्य अंशांवर पाण्यात जेवढा मावतो त्याच्या निम्माच वीस अंशांवर मावतो. दुसरे असे, की गारव्याने वास आणि चव झोपी जाते. ज्या बिअरमध्ये वासाचे आणि चवीचे फारसे भांडवल नाही ती फार गार दिली तर बिघडत नाही, उलट तिचे उणे झाकले जाते. जिच्यात भांडवल आहे ती फार गार केली तर पैसे वाया. आमच्याकडे बाटलीवर बर्फाचा थर दिसला की माणूस खूश होतो, याचे एक कारण हवा आहे आणि दुसरे कारण बाटलीतला माल आहे, असे माझे नम्र मत.

मात्र आमच्याकडे गारवा ही कधीच फुकटची वस्तू नव्हती. अकबराच्या आबदारखान्यात सोऱ्याच्या पाण्यात भांडी फिरवून पिण्याचे पाणी गार करीत, असे अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत लिहून ठेवले आहे. तो आबदार पुढे इंग्रजांच्या घरी नोकरीला लागला. साहेबाची दारू, पाणी आणि बिअर गार करणे हेच त्याचे काम. सोरा, ओले कापड आणि वाळ्याचा पडदा ही त्याची हत्यारे. ही बिअर लंडनहून यायची. शिपायांसाठी काळी पोर्टर आणि साहेबांसाठी हॉजसनच्या बो गावच्या कारखान्यातली फिकट एल. १८२० नंतर बर्टनच्या ऑलसॉपने हॉजसनचा हा व्यापार हिसकावला. चार-पाच महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचे. पिंपातल्या बिअरने किती उष्मा सोसला असेल त्याची कल्पना करावी. आणि मुंबईत उतरल्यावर तिला पुन्हा विलायतेच्या तळघराइतके गार करण्यासाठी एक माणूस पोसायचा.

मग आले बर्फ. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यांवरचे गोठलेले पाणी करवतीने कापून, भुशात गुंडाळून जहाजात भरले आणि १८३३ साली ते कलकत्त्याला पोचवले. शंभराहून अधिक टन बर्फ भरून निघालेल्या जहाजातले बरेचसे वाटेत वितळले, तरी उरले तेवढ्याने खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी ते मुंबईत आले. जमशेटजी जिजीभाईंनी आपल्या मेजवानीत आइसक्रीम ठेवले, आणि यजमानांना व पाहुण्यांना सर्दी झाली अशी बातमी मुंबई समाचारने दिली, असे मुंबईचे जुने वर्णनकार सांगतात. पुढे कोटात बर्फखान्याची इमारतही उठली. ती आता राहिली नाही. मद्रासची मात्र उभी आहे आणि तिच्यात विवेकानंदांचे स्मारक आहे. १८७० च्या दशकात लिंडेने जर्मनीत बिअरच्या कारखान्यांसाठी गारव्याचे यंत्र बनवले आणि इकडेही यंत्राचे बर्फ निघू लागले. अमेरिकेचा तळ्यांचा धंदा बसला. यंत्राचा पहिला मोठा गिऱ्हाईक बिअरवाला होता हे लक्षात ठेवावे. आता ऋतूचे बंधन सुटले. बव्हेरियाच्या ड्यूकचा कायदा अडवायला कोणताच उन्हाळा उरला नाही.

त्याच १८७० च्या दशकात डहाणूच्या ताडीभोवती नवे कुंपण घातले गेले. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. ताडाला आणि शिंदीला कोयती लावायची तर परवाना हवा आणि प्रत्येक झाडामागे कर भरायला हवा. विकायची ती सरकारमान्य दुकानातच. चार्ल्स प्रिचर्ड हा अबकारीचा कमिशनर. या धोरणाचा सूत्रधार तोच. झाडावरचा कर वाढत गेला तसे किनाऱ्यावरच्या भंडाऱ्यांनी अर्जावर अर्ज केले. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा तो धंदा होता आणि त्यांच्यात अर्ज लिहू शकणारी माणसे होती. आतल्या वारल्यांत ती नव्हती. मोहाच्या दारूचे गाळण उरणच्या कारखान्यांत एकवटले, आणि १८९२ च्या मोहफुलांच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत झाडाखाली पडलेली फुले गोळा करून बाळगण्यावरही बंधन आले. आपल्याच जंगलातले फूल आपल्याच घरात ठेवणे गुन्हा. ते निर्बंध महाराष्ट्र सरकारने आदिवासींसाठी उठवले ते २०२१ मध्ये.

कराविषयी इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मला इथे बोलायचे आहे ते उष्म्याविषयी, कारण त्या अंगाने या कायद्याकडे फारसे कुणी पाहिलेले दिसत नाही. ज्याच्या दारात झाड आहे त्याने पहाटे झाडाखाली उभे राहून पिणे, हे त्या पेयाचे मूळ रूप. कायद्याने झाड आणि पिणारा यांच्यामध्ये दुकान उभे केले. आता मडके उतरवायचे, मोठ्या भांड्यात ओतायचे, डोक्यावरून किंवा बैलगाडीतून दुकानात न्यायचे, तिथे हिशेब द्यायचा, आणि मजूर दिवसभराचे काम आटोपून येईल तेव्हा ते विकायचे. पहाटेचे पंधरा-अठरा अंश दुकानात पोचेपर्यंत तिशीला टेकतात. गोडी गेली, साखर गेली, आंबट आणि कडक तेवढे उरले. न्याहारी म्हणून जे प्यायले जाई, ज्यात पोटाला काही मिळे, ते संध्याकाळी झिंग म्हणून विकत घ्यावे लागले. सरकारी कागदांत आदिवासींच्या दारूबाजपणाविषयी जे सुस्कारे आहेत ते वाचताना मला नेहमी वाटते, की या माणसांना पहाटेच्या पेयापासून तोडून सांजेच्या पेयाला जुंपले कोणी, हेही त्या साहेबांनी एकदा स्वतःला विचारायला हवे होते. चोरून उतरवण्याला सजा होती. दुकानात बसून कितीही पिण्याला सजा नव्हती.

कुणी म्हणेल, मास्तर, हे फार झाले. त्याआधी काय वारली फक्त पहाटेच पीत होते? नव्हते. लग्नात, देवाच्या कामात, तारप्याच्या नाचात रात्र रात्र ताडी आणि मोहाची दारू चालतच असे. (त्या तारप्याचे अंगही भोपळ्याचे आणि ताडाच्या पानाचे.) पण घरच्या झाडाची ताडी लग्नात ओतणे निराळे आणि मक्त्याच्या दुकानातून उधारीवर आणून ओतणे निराळे. लग्नाला पेय लागायचेच, ते विकत घ्यायचे तर पैसा हवा, पैसा सावकाराकडे. डहाणू-तलासरीत लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघे सावकाराच्या घरी राबत राहत. त्यांना लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकरांनी "जेव्हा माणूस जागा होतो" या पुस्तकात त्यांची हकिकत लिहिली आहे. १९४५ साली वेठ आणि लग्नगडीची चाल मोडायला वारली उठले. त्या कर्जाच्या वहीत अन्न होते, कापड होते, आणि पेयही होते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने दारूबंदी केली. १९३९ साली मुंबई शहरापुरता तिचा एक प्रयोग होऊन गेला होता. १९४९ चा कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून ती साऱ्या इलाख्यात लागू झाली. ताडी गुन्हा ठरली, नीरा पुण्यकर्म ठरली. आणि या दोघींतला भेद काय? काही तास आणि दहा-पंधरा अंश! ज्या रेषेवर गंजाडचा माणूस रोज सकाळी उभा असतो तिच्यावर सरकारने चौकी बसवली. नीरेच्या बाजूने ज्यांनी मनापासून काम केले त्यांत गजानन नाईक हे नाव मोठे. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेने ते ताडगुळाच्या मागे लागले आणि त्यांनी त्यात जन्म घातला. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे डहाणूचे प्रशिक्षण केंद्र आज त्यांच्या नावाने आहे. झाड मारायचे नाही, उतरवणाऱ्याचा धंदा बुडवायचा नाही, फक्त रस आंबू द्यायचा नाही, हा त्यांचा मार्ग. त्याला उपाय दोन. मडक्याला आतून चुना लावायचा, म्हणजे यीस्टला जागा रुचत नाही. किंवा रस उतरताक्षणी बर्फात घालायचा. चुना स्वस्त, पण चवीला लागतो. बर्फ चवीला लागत नाही, पण पहाटे चार वाजता पाड्यावर बर्फ आणणार कोण? अमेरिकेच्या तळ्यातले बर्फ साहेबाच्या बिअरसाठी हजारो कोस आले. डहाणूच्या झाडाखाली ते यायला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि तेही पुरते आले नाही. तरीही मुंबईच्या लोकल स्टेशनांवर सकाळी नीरेच्या टपरीसमोर उभे राहून थंडगार पेला रिचवणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या दिसत असत, ती याच खटपटीची पुण्याई.

पुढे १९६० च्या दशकात महाराष्ट्राने दारूबंदी सैल केली. तेव्हापासून आजपर्यंत ताडीची गाडी दोन दगडांवर पाय ठेवून चाललेली आहे. परवान्याची दुकाने आहेत, पण शहरातल्या दुकानांना लागेल इतकी ताडी द्यायला झाडे आणि चढणारे हात पुरे पडत नाहीत. मग पाण्यात साखरेऐवजी सॅकरीन आणि नशेसाठी क्लोरल हायड्रेट घालून पांढरे पाणी ताडी म्हणून विकले जाते. अशा मालावर धाडी पडतात आणि त्याने माणसे मेल्याचेही आपण वाचतो. हे पेय कोणत्याही प्रहराला सारखेच लागते, कारण त्यात जिवंत असे काही नाही. खऱ्या ताडीची खूण हीच, की ती सकाळी एक आणि दुपारी दुसरी असते.

डहाणूच्या रस्त्यावर आज बिअरची दुकाने आहेत आणि त्यांत काचेच्या दाराचे शीतपेट्यांचे कपाट आहे. वारली पोरगा सुट्टीच्या दिवशी चार अंशांची बाटली घेतो, यात मला नवल वाटत नाही आणि नाक मुरडावेसेही वाटत नाही. चाळीस अंशांच्या मेमध्ये ती बाटली कुणालाही बरी वाटेल. ताडावर चढायला त्याचा बाप त्याला लावत नाही, यातही चूक नाही. पडून कंबर मोडली तर त्याला पाहणारे कोणी नाही, आणि कारखान्यातला रोज अधिक. मात्र जे थोडे चढणारे अजून आहेत त्यांच्याकडे थंडीत मुंबई-सुरतेची माणसे मोटारी घेऊन येतात आणि प्लास्टिकच्या बाटल्यांत ताडी भरून नेतात. घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवू, सवडीने पिऊ, असा त्यांचा बेत. चार अंशांवर यीस्ट मरत नाही, नुसते झोपते. आणि तिथे पोचेपर्यंत मोटारीच्या उष्म्यात त्याने तीन-चार तास काम केलेले असते. म्हणून जाणता उतरवणारा बाटली गळ्यापर्यंत भरत नाही, आणि देताना बूच अर्धाच पिळतो. ते घट्ट करू नका म्हणून सांगतो. ज्यांनी ऐकले नाही त्यांच्या मोटारीला पुढे आठवडाभर आंबट वास येतो.